बातमी एकट्याच्या खिशात ठेवू नका

प्रश्न विचारणारा सव्वीस वर्षांचा तालुका वार्ताहर आहे. एका जिल्हा दैनिकाचं काम करतो. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. जोडीला स्वतःचं यूट्यूब चॅनेल. जलजीवन मिशनमधल्या एका नळयोजनेचे कागद त्याच्या हाती आले आहेत. दोन वाड्यांपर्यंत पाइपलाइन टाकल्याची नोंद एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तिकेत, आहे, बिलही निघालंय, पण जागेवर चरसुद्धा खणलेला नाही. ठेकेदार एका माजी जिल्हा परिषद सदस्याचा मेहुणा. प्रतिक्रियेसाठी त्याला फोन केल्यापासून "एकदा भेटून घ्या" असे निरोप येतायत, आणि परवा कोणीतरी गावात येऊन या मुलाचं घर कोणतं ते विचारून गेलं. घरचे म्हणतात, सोडून दे. तो विचारतो, बातमी छापू का, आणि पत्रकार संरक्षण कायदा मला वाचवेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो कायद्याचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी नक्की देता येतं. आपण ज्याला पत्रकार संरक्षण कायदा म्हणतो तो विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला. ज्येष्ठ पत्रकार एस. एम. देशमुख आणि पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, निवेदनं दिली, तेव्हा कुठे तो झाला, आणि राष्ट्रपतींची संमती मिळून लागू व्हायला २०१९ उजाडलं. त्यात पत्रकारावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. मोडलेल्या कॅमेऱ्याची आणि दवाखान्याची भरपाई हल्लेखोराने करायची. आणि कोणी खोटी तक्रार केली तर त्याच्यासाठीही शिक्षा आहे, हेही लक्षात असू द्या.

चांगला कायदा आहे, पण तो वाचताना दोन ठिकाणी बोट ठेवून थांबा. हल्ला काम करत असताना झालेला हवा. आणि ज्याच्यावर झाला तो प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी तत्त्वावर काम करणारा हवा. आता सांगा, तुमच्याकडे नियुक्तीपत्र आहे का? जानेवारीत मिळणारं प्लास्टिकचं ओळखपत्र मी धरत नाही. हल्ला झाल्यावर "ते आमचे अधिकृत प्रतिनिधी नव्हेत, फक्त बातम्या पाठवतात" असं कार्यालयाने पोलिसांना सांगितलेलं मी दोनदा पाहिलंय. यूट्यूब चॅनेलवाल्यांना तर आपण या व्याख्येत बसतो की नाही हा वाद प्रत्येक ठाण्यात नव्याने घालावा लागतो. शिवाय निरोप, घराची चौकशी, गाडीमागे गाडी, एवढ्यावर हा कायदा लावायला कोणतंही ठाणं सहज तयार होत नाही. म्हणून कायदा तुमच्या बाजूने आहे हे खरं, पण तो घाव पडल्यानंतर कामाला येतो. घाव पडू नये याची तजवीज तुम्हालाच करावी लागेल, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

मी सत्तावीस वर्षं या कामात आहे. त्यातली पहिली अकरा तालुक्याला काढली. आता डेस्कवर बसतो आणि तालुक्याच्या मुलांच्या बातम्या बघतो, त्यामुळे असे फोन मला दर महिन्याला येतात. माझं ठाम मत असं झालंय की बातमी किती मोठी आहे यावरून धोका ठरत नाही. ती थांबवायला किती माणसं थांबवावी लागतील, यावरून तो ठरतो. मुंबईत एखादा घोटाळा दहा जण एकाच वेळी खणत असतात, एकाला गप्प करून काही साधत नाही. तालुक्याला ती बातमी एकाच माणसाच्या पिशवीत असते. समोरच्याचा हिशेब सोपा होतो.

राजापूरचं आठवा. ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला महामार्गावर थार गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचार चालू असताना ते गेले. ज्या दिवशी धडक बसली त्याच दिवशी 'महानगरी टाइम्स'मध्ये त्यांची बातमी आली होती. कोकणातल्या प्रस्तावित रिफायनरीचं समर्थन करणाऱ्या आणि गुन्हे दाखल असलेल्या एका इसमाचं छायाचित्र पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या छायाचित्रांसोबत फलकावर झळकल्याची ती बातमी होती. अटक झाली तीही त्याच इसमाला. खुनाचं कलम लागावं म्हणून राज्यभर पत्रकारांना रस्त्यावर यावं लागलं.

छत्तीसगडमधल्या बिजापूरचा पत्रकार मुकेश चंद्राकर. रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी त्याने केली होती. १ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी तो घराबाहेर पडला. मोबाइलच्या शेवटच्या लोकेशनवरून शोध घेतला, तेव्हा ३ तारखेला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. वरून काँक्रीट नुकतंच ओतलेलं होतं. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांत त्याचे नातलग आहेत. मध्य प्रदेशातल्या भिंडमध्ये २६ मार्च २०१८ ला पत्रकार संदीप शर्माला ट्रकने चिरडलं. वाळूमाफिया आणि पोलीस यांच्या साट्यालोट्याची बातमी त्याने केली होती आणि जिवाला धोका असल्याचं लेखी कळवलेलं होतं. ट्रक वळून अंगावर जातानाचं सीसीटीव्ही चित्रण देशाने पाहिलं.

ही नावं तुम्हाला घाबरवायला घेतली नाहीत. तिन्ही ठिकाणी काय सारखं आहे ते बघा. तिघंही लहान गावात राहून लिहीत होते, येण्याजाण्याचा रस्ता सगळ्यांना माहीत होता, आणि त्या विषयामागे सातत्याने लागलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येत होतं. दोघांच्या बाबतीत तर अपघात म्हणून खपेल असंच सगळं होतं. तुमच्या घराचा पत्ता विचारणाऱ्याचा विचार इथपर्यंत गेलाय असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा जात नाही. बहुतेकांना भीती घालून काम भागवायचं असतं. पण तुम्ही आत्ता त्याच जागी उभे आहात, ती बातमी माहीत असलेला एकटा माणूस म्हणून. तिथून आधी बाजूला व्हा.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. २००० नंतरची दोन-तीन वर्षं असतील. आमच्या तालुक्यात रोजगार हमीतला एक पाझर तलाव कागदावर पूर्ण होता आणि जागेवर बाभळी उभ्या होत्या. मी मस्टरच्या, म्हणजे मजुरांच्या हजेरीपत्रकाच्या, नकला जमवल्या. मजूर म्हणून ज्यांचे अंगठे होते त्यातले दोघं मयत होते. एके दिवशी संध्याकाळी मी घरी नसताना ठेकेदार आमच्याकडे येऊन गेला. वडील ओसरीवर बसले होते. आईने चहा केला. तो पाऊण तास बसला, पेढ्यांचा पुडा ठेवला, माझ्या धाकट्या बहिणीला कितवीत आहेस विचारलं, आणि उठताना वडिलांना म्हणाला, "पोरगा हुशार आहे तुमचा. फक्त रात्री-अपरात्री मोटारसायकलवर फिरतो, तेवढं सांगा त्याला." बस. यात कोणतं कलम लावणार? मी ठाण्यात गेलो तर अंमलदाराने विचारलं, "पेढे दिले म्हणून तक्रार आहे का?" त्या रात्री वडील जेवले नाहीत. पुडा तसाच कोनाड्यात होता, मुंग्या लागेपर्यंत कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली जी तोवर कधी केली नव्हती. तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या खोलीत मी बाकीच्या तिन्ही दैनिकांच्या वार्ताहरांना बोलावलं आणि सगळे कागद समोर ठेवले. आमची आपसात चढाओढ होती, एकाशी तर बोलणंच बंद होतं. माझी सहा आठवड्यांची मेहनत मी अशी वाटून टाकतोय हे त्यांनाही पटेना. ठरलं असं की शुक्रवारच्या अंकात चौघांनी लावायची. एकाने ऐनवेळी माघार घेतली, तिघांची आली. शुक्रवारी सकाळी ठेकेदाराला कळेना की दम कोणाला द्यायचा. त्याने तिघांनाही फोन केले, आणि तिघांनी एकमेकांना सांगितले. पुढच्या आठवड्यात गटविकास अधिकाऱ्याने पंचनामा केला. माझं नाव त्या प्रकरणात पुढे आलंच नाही, आणि त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा निदान दोघांकडे, त्यातला एक तालुक्याबाहेरचा, सगळ्या कागदांच्या प्रती आजच द्या. आणि ही गोष्ट लपवू नका. पुढचा निरोप घेऊन येईल त्याला शांतपणे सांगा की कागद आता आमच्या जिल्हा कार्यालयात आणि आणखी दोन पेपरांकडे आहेत. हे वाक्य कोणत्याही अंगरक्षकापेक्षा जास्त कामाचं आहे. बाहेरच्या जगातही हाच उपाय चालतो. १९७६ साली अमेरिकेत अॅरिझोना राज्यात डॉन बोल्स या पत्रकाराला गाडीखाली बाँब लावून मारलं, तेव्हा देशभरातले तीसहून जास्त पत्रकार तिथे जाऊन राहिले आणि त्याचं काम पुढे नेलं. आता 'फॉरबिडन स्टोरीज' ही संस्था तेच करते. पत्रकाराला मारलं, तुरुंगात टाकलं, तरी त्याची अर्धी राहिलेली बातमी दुसरे पूर्ण करतात. माल्टात २०१७ मध्ये बाँबस्फोटात मारल्या गेलेल्या डॅफ्ने कारुआना गॅलिझियाचं काम त्यांनी असंच अनेक देशांतल्या पत्रकारांना घेऊन पुढे चालवलं. आपल्याला एवढं मोठं काही उभारायचं नाही. शेजारच्या तालुक्यातला मित्र, जिल्ह्याचा ब्यूरो आणि मुंबई-पुण्यातला एक ओळखीचा, एवढे पुरतात.

आता दुसरा धोका. अंगावर गाडी घालण्यापेक्षा तो हजारपट जास्त वेळा येतो. खंडणीचा गुन्हा.

यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण तुम्ही लिहिलेल्या एका ओळीत मला तो दिसतोय. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. आपल्याकडे तालुक्याचा वार्ताहर हाच जाहिरात प्रतिनिधी असतो. पंधरा ऑगस्ट, दिवाळी पुरवणी, नेत्याचा वाढदिवस, आणि टार्गेट ठरलेलं. जाहिरात देणार कोण? ठेकेदार, संस्थाचालक, सरपंच, बाजार समिती. म्हणजे ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन जायचं. ही व्यवस्था वार्ताहराने केलेली नाही, मालकांनी केली, पण फास त्याच्या गळ्यात बसतो. बातमी आली की ठेकेदार ठाण्यात सांगतो, "जाहिरात मागत होता, दिली नाही म्हणून बदनामी केली." आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं, कारण असं करणारे लोक आपल्यात आहेत. बातमीचा मसुदा दाखवून पाकीट घेणारे आणि पोलिसांच्या सापळ्यात नोटांसकट सापडलेले. ते नाहीत असं म्हणून चालणार नाही. प्रामाणिक वार्ताहराचं सगळ्यात मोठं नुकसान त्यांनीच केलंय.

एका ठेकेदाराने माझ्यावर असा खंडणीचा अर्ज केला तेव्हा मला वाचवलं ते एका कागदाने. त्याच ठेकेदाराच्या फर्मची आठ हजारांची दिवाळीची जाहिरात मी वर्षभरापूर्वी घेतली होती. पैसे चेकने, दैनिकाच्या नावाने, आणि पावतीची कार्बन प्रत माझ्याकडे होती. वकील म्हणाले, "रोख घेतले असते तर आज तुम्ही आत असता." तेव्हापासून मी एक नियम पाळला, आणि डेस्कवरच्या मुलांनाही तोच सांगतो. ज्याच्यावर बातमी करताय किंवा करणार आहात त्याच्याकडून रोख एक रुपया नाही, पुरवणीसाठी नाही, गणपतीच्या वर्गणीसाठी नाही, ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला मिळणारी बॅग आणि डायरीही नाही. तुम्ही या ठेकेदाराकडून पूर्वी जाहिरात घेतली असेल तर आजच संपादकांना मेल करून कळवा, पावतीसह. उद्या त्याने ती बाहेर काढण्याआधी तुम्ही सांगितलेली असली पाहिजे.

आणि "एकदा भेटून घ्या" या निरोपाचं उत्तर एकच. भेटणार नाही. त्याच्या ऑफिसात नाही, ढाब्यावर नाही, माजी सदस्याच्या बंगल्यावर नाही, दोघांच्या ओळखीच्या मामाच्या घरीसुद्धा नाही. मध्यस्थ नेहमी जवळचाच पाठवतात, कारण त्याला नाही म्हणणं जड जातं. त्या भेटीत तुम्ही काय बोललात याचं चित्रण तुमच्याकडे नसेल, त्यांच्याकडे असेल. टेबलावर ठेवलेलं पाकीट तुम्ही परत सरकवलं हे दिसेल की नाही, हे त्यांच्या कॅमेऱ्याच्या कोनावर ठरेल. त्यांची बाजू ऐकायची तर लेखी ऐका. चार-पाच नेमके प्रश्न लिहा: कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा, एमबीत किती मीटर पाइप नोंदलाय, त्रयस्थ तपासणी कोणी केली, बिल कधी निघालं. ते ठेकेदाराला, कार्यकारी अभियंत्याला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला मेलने पाठवा, प्रत संपादकांना, आणि उत्तराला तीन दिवस द्या. याने बातमी पक्की होते, उद्या बदनामीची नोटीस आली तर सद्भावनेचा पुरावा तयार राहतो, आणि प्रश्न एका पोरट्या वार्ताहराने विचारला नसून दैनिकाने विचारलाय हे तिघांनाही एकदम कळतं. तुम्ही आधी फोन केलात ती चूक म्हणत नाही, मीही तेच करायचो. पण फोन हा एकट्याचा असतो.

बदनामीच्या नोटिशीचं लवकर आटोपतो. कोटी-दोन कोटींचा आकडा बघून गळाठू नका, नोटीस म्हणजे खटला नव्हे. पण दुर्लक्षही करू नका, वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्यात फिर्यादीला स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागतं, पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून तुम्हाला उचलू शकत नाहीत. खंडणी आणि सरकारी कामात अडथळा या दोन्हींत मात्र उचलू शकतात. म्हणून मोजमापाला जाल तेव्हा शाखा अभियंत्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातातलं रजिस्टर ओढू नका. कोणी कितीही चिडवलं तरी.

आता कागदांकडे येतो. ते तुम्हाला कोणी दिले हे मी विचारत नाही, पण कोणीतरी आतल्याने दिलेत हे उघड आहे. इथे माझी एक चूक सांगतो जी मला अजून टोचते. एका प्रकरणात मी एमबीच्या पानाचा फोटो जसाच्या तसा छापला. त्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीची एक छोटी खूण होती. कार्यालयात ती खूण कोण करतो हे सगळ्यांना माहीत होतं. पंधरा दिवसांत त्या लिपिकाची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली, त्याची मुलगी तेव्हा दहावीत होती. त्याने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. तुमच्यावर संकट आलं तर चार लोक आवाज उठवतील. त्याच्यासाठी कोणी उठवणार नाही, आणि त्याला रोज त्याच टेबलावर बसायचंय.

म्हणून हाती आलेला कागद छापायचा नाही, तो वाट दाखवायला वापरायचा. तोच कागद सरळ दाराने मिळवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे त्यात नुसत्या नकला नाहीत. काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची पाहणी करणं, टिपणं घेणं, इतकंच काय, सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन रुपये, मुदत तीस दिवस. अर्जातला तुमचा पत्ता संध्याकाळपर्यंत ठेकेदाराकडे पोहोचतो हे गृहीत धरा. तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना मारले गेले, ते माहिती अधिकारात जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते म्हणूनच लोकांना माहीत होते. तेव्हा अर्ज एकट्याने करू नका. तिघा-चौघांनी वेगवेगळ्या गावांतून करा, आणि एका नळयोजनेऐवजी पाच योजनांची माहिती मागा, म्हणजे रोख कोणावर आहे हे लगेच कळत नाही. आणखी एक वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. जिल्ह्याच्या आणि खालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. ग्रामीण पाणीपुरवठा विभागात जाऊन त्याचा हवाला द्या. सुरुवातीला टाळतील. निर्णयाची प्रत सोबत न्या.

जागेवरचा पुरावा मात्र तुम्हीच करायचा. दोन्ही वाड्यांत जाऊन तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा. हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांशी बोला, गावच्या दोघा-तिघांना समोर उभं करून चित्रण करा. मूळ चित्रण ज्या मोबाइलमध्ये आहे तो विकू नका, फॉरमॅट मारू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे ठासून सांगितलं ते आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. मात्र दिवसाउजेडी जा, आणि एकटे जाऊ नका. मंचरजवळ जुलै २०२५ मध्ये एका महिला पत्रकाराला नदीपात्रातल्या बेकायदा बांधकामाचं वार्तांकन करताना दांडक्याने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. कॅमेरा चालू होता म्हणून जगाला दिसलं.

घराची चौकशी झाली त्याचं काय करायचं? लेखी तक्रार. अंमलदार म्हणेल, एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून घ्या. घ्या, पण तिथे थांबू नका. कोण आलं, किती वाजता, कोणती गाडी, कोणाशी काय बोललं, कोणत्या बातमीवर तुम्ही काम करताय, आणि तुम्हाला कोणावर संशय आहे, हे सगळं अर्जात लिहा. पोच घ्या, शिक्क्यासकट. ठाण्याने घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवता येतो, आणि तिथेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाता येतं. प्रत संपादकांना, जिल्हा पत्रकार संघाला आणि भारतीय प्रेस परिषदेला. भिंडच्या संदीप शर्माने लेखी कळवूनही त्याचा जीव वाचला नाही, हे मी वर सांगितलंच आहे. म्हणून त्या अर्जाच्या भरवशावर निर्धास्त होऊ नका. तरी तो करायचाच, कारण नाव कागदावर आलं की चांगल्या वकिलाने त्या ठेकेदाराला पहिला सल्ला दिलेला असतो: त्या पोराच्या वाटेला जाऊ नका, त्याला साधा ताप आला तरी तुमच्यावर येईल.

पुढचे तीन-चार आठवडे काही सवयी बदला. रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने घरी जाऊ नका. अंधार पडल्यावर दुचाकी नको, एसटीने या किंवा कोणाकडे तरी मुक्काम करा. मोबाइलचं लोकेशन घरच्या एकाला आणि बाहेरच्या एका मित्राला चालू ठेवा, आणि रात्री नऊपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्याने काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. ठरवलेलं नसेल तर माणसं सकाळपर्यंत वाट बघतात. आईवडिलांना सगळं सांगा. माझ्या वडिलांना काही माहीत नव्हतं म्हणून ते पाऊण तास त्या माणसाला चहा पाजत बसले. घरच्यांना माहीत असेल तर ते दारातूनच सांगू शकतात की तो घरी नाही, ऑफिसात बोला.

आता पहिला प्रश्न. छापू का?

हे मी इथे बसून पूर्ण ठरवू शकत नाही. ते तीन गोष्टींवर आहे आणि त्या तुम्हालाच माहीत आहेत. ठेकेदार नुसता ठेकेदार आहे, की वाळू आणि मारामाऱ्यांची पार्श्वभूमी असलेला? तुमचं घर त्याच्याच गावात आहे का? आणि तुमचे संपादक फोनवर येतात का? तिसरी सगळ्यात महत्त्वाची. संपादकांना सांगा, मला नियुक्तीपत्र हवं, माझ्या नावाने अधिकृत पत्र ठाण्याला हवं, आणि बातमी आली की पहिल्या पानावर दैनिकाच्या नावाने हवी. ते हो म्हणाले तर छापा, बाकी सगळं वर सांगितल्याप्रमाणे करून, घाई न करता. ती पाइपलाइन महिन्याभराने उगवणार नाही. उगवलीच, म्हणजे त्याने घाईघाईत पाइप टाकलाच, तर वाड्यांना पाणी मिळेल आणि बिल आधीच निघाल्याची तारीख तर बदलत नाही.

ते टाळाटाळ करू लागले, "तू पाठव, आम्ही बघतो" म्हणाले, तर तुमच्या नावाने ही बातमी करू नका, आणि यूट्यूबवर तर मुळीच नको. तिथे तुमचा चेहरा, तुमचा आवाज आणि तुमचा स्टुडिओ म्हणजे तुमची बाहेरची खोली, एवढंच दिसतं. अशा वेळी सगळे कागद दुसऱ्या मोठ्या दैनिकाच्या जिल्हा प्रतिनिधीला द्या आणि नाव सोडून द्या. मला माहीत आहे हे किती जड जातं. पहिल्या मोठ्या बातमीवर आपलं नाव नसणं म्हणजे काय ते मी अनुभवलंय. पण त्या दोन वाड्यांतल्या बायकांना बातमी कोणी आणली याच्याशी देणंघेणं नाही, त्यांना नळाला पाणी हवंय. आणि तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात, अजून तीस वर्षं तरी लिहिणार आहात.

घरचे सोडून दे म्हणतात त्यांच्यावर रागावू नका. घराच्या चौकशीतला खरा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाय, तुमच्यापर्यंत नाही.

आज प्रती द्या, मग उद्या सकाळी ठाण्यात जा. सोबत पत्रकार संघातला कोणीतरी न्या, नुसता बाकावर बसून राहिला तरी चालेल. सोमवारी तीनच्या आधी पाणीपुरवठा विभागात पोहोचा. आणि नियुक्तीपत्रावर संपादक काय म्हणाले ते मला कळवा, त्यावरून पुढचं बोलू.